वाई पायी बघायची तर

पाचगणी-महाबळेश्वरला निघालेली गाडी वाईत थांबते ती वीस मिनिटांपुरती. ढोल्या गणपतीला हात जोडायचे, घाटावर एक फोटो काढायचा आणि पसरणीचा घाट चढायला लागायचं. मीही पहिल्या चार-पाच वेळा वाई अशीच उरकली. मग एकदा मुद्दाम सकाळी उतरलो, संध्याकाळपर्यंत फक्त चाललो, आणि लक्षात आलं की आपण इतके दिवस हे गाव पाठीमागून बघत होतो. वाई वसली ती कृष्णेकडे तोंड करून. गाड्यांचा रस्ता नंतर आला. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला माझं एकच सांगणं असतं: आधी नदी गाठा आणि मग नदीकडून गावात शिरा. बाकीचं सगळं या एका गोष्टीच्या पोटात आहे.

जायचं कधी

पावसाळा संपल्यावर, म्हणजे दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंत. भर पावसात पसरणीचा डोंगर हिरवागार दिसतो हे खरं, पण कृष्णेला पाणी असतं, घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडालेल्या असतात आणि ज्या उघड्या असतात त्यांच्यावर शेवाळ. एप्रिल-मे महिन्यांत जायचंच असेल तर सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर. हे मी शिकलो ते तळपाय भाजून. दुपारी एकला चपला देवळाबाहेर काढल्या, दर्शन घेतलं आणि ‘आता एवढ्यासाठी काय घालायच्या’ म्हणून तसाच घाट उतरायला लागलो. काळा पाषाण तापला की तवा होतो. मधल्या पायरीवर ना वर जाता येईना ना खाली. शेवटी ओल्या पंचाने पायरी पुसत पुसत एका आजोबांनी मला सावलीत आणलं आणि वर ‘मोजे तरी घालावेत’ असा सल्ला दिला. तो सल्ला पुढे देतो: उन्हाळ्यात पिशवीत सुती मोज्यांचा जोड ठेवा.

संकष्टी, अंगारकी आणि शनिवार-रविवार या दिवशी गणपतीच्या देवळात रांग असते. साध्या मंगळवार-बुधवारची सकाळ सगळ्यात चांगली. गर्दी मुद्दाम हवी असेल तर मात्र कृष्णाबाईचा उत्सव गाठा. माघ ते चैत्र या काळात एकेका घाटावर, एकेका आळीचा म्हणून तो पाळीपाळीने होतो. नदीलाच देवी मानून तिची मूर्ती पालखीतून आणून बसवतात, कीर्तनं होतात, पंगती उठतात. अफझलखानाचं संकट टळावं म्हणून कृष्णामाईला केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, अशी इथली आख्यायिका आहे. खान वाईचा सुभेदार होता हे इतिहासात आहेच. उत्सवाच्या दिवसांत त्या आळीत मांडव पडलेला असतो, त्यामुळे इमारती नीट दिसत नाहीत. माणसं मात्र दिसतात. काय बघायचंय ते आधी ठरवा.

पोचणं आणि गाडीचं काय करायचं

पुण्याहून वाई साधारण 85-90 किलोमीटर. सातारा रस्त्याने येऊन सुरूर फाट्याला आत वळायचं. साताऱ्याहून पस्तीसेक किलोमीटर पडतं. स्वारगेटहून महाबळेश्वरला जाणारी एसटी वाईवरूनच जाते, तेव्हा एसटीनेच या. गाडी आणलीच तर ती रुंद रस्त्यावर लावून विसरून जा. जुन्या आळ्या बैलगाडीच्या मापाच्या आहेत. त्यांत चारचाकी घातली की समोरून एक रिक्षा येते, मागून दूधवाला येतो, आणि मग आख्खी आळी दारात उभी राहून तुम्हाला गाडी कशी मागे घ्यायची ते शिकवते.

पहिला टप्पा: आळ्यांची नावं पाठ करा

नकाशा मोबाइलमध्ये असतोच, पण वाईत रस्ता विचारताना आळीचं नाव लागतं. नदीकाठच्या सात आळ्या आणि त्यांचे सात घाट असा या गावाचा हिशेब आहे: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. आळी आणि घाट यांचं नाव एकच. कुठलीही आळी धरली आणि उताराला लागलं की पाय आपोआप पाण्यापाशी येतात. वाट चुकलीच तर उतार धरायचा, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

यातूनच चालण्याची रीत ठरते. बाजाराच्या रस्त्यावरून सगळ्या आळ्यांच्या तोंडाशी डोकावत जाऊ नका. एका आळीतून खाली उतरा, घाटाघाटाने थोडं चाला, पुढच्या आळीतून वर चढा, पुन्हा त्याच्या पुढच्या आळीतून खाली. कशिद्यातल्या धावदोऱ्यासारखं. सात आळ्या एका दमात होत नाहीत आणि व्हायलाही नकोत. तीन झाल्या की चहा घ्यावा.

दुसरा टप्पा: गणपती आळी, आणि देऊळ मागून

सुरुवात गणपती आळीतूनच करा, कारण सकाळी लवकर तिथे शांतता असते आणि दहानंतर नसते. पण आत जाण्याआधी घाटावर उतरून देवळाच्या मागे जा. गाभाऱ्याची मागची भिंत सरळ नाही. ती माशाच्या आकाराची, टोकाकडे निमुळती होत गेलेली आहे. पुराचं पाणी आपटलं की दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं, भिंतीवर त्याचा थेट मारा होऊ नये, म्हणून केलेली ही योजना. नदीतल्या पुलाच्या खांबाला धारेच्या बाजूने टोक काढतात, त्यातलाच प्रकार. नदीच्या इतक्या जवळ एवढं जड देऊळ बांधणाऱ्याने कृष्णेचा पूर आधी नीट पाहिला होता, हे ती भिंत सांगते. पुढून आलेल्या दहातल्या नऊ जणांना ही भिंत दिसतच नाही.

हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये बांधलं. शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळ त्याआधीचं, 1757 मधलं, आनंदराव भिकाजी रास्ते यांचं. वाईत फिरताना रास्ते हे नाव पावलोपावली भेटेल. मूळचे हे कोकणातले गोखले. भिकाजी नाईक रास्ते यांची मुलगी गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांना दिलेली, म्हणजे विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव यांची ती आई. 1761 च्या जानेवारीत पानिपतावर विश्वासराव पडले, जूनमध्ये नानासाहेब गेले, आणि पुढच्याच वर्षाची तारीख या देवळावर आहे. या दोन गोष्टी कुणी एकत्र सांगत नाही. पण घाटाच्या पायरीवर बसून तारखा जुळवल्या की त्या काळ्या दगडाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

आता आत जा. मूर्ती अखंड दगडातली आणि अंगाने इतकी भरलेली की ‘ढोल्या’ हे नाव लाडाचं असलं तरी अगदी नेमकं आहे. आत फार रेंगाळू देत नाहीत, तेव्हा बाहेरचं बाहेर आणि आतलं आत असं बघून घ्यायचं.

देऊळ कसं बघायचं

हा भाग मी जरा सावकाश सांगतो. देवळं मोजत जाणाऱ्याला पाचव्या देवळापाशी सगळी सारखीच वाटायला लागतात, आणि त्यावर उपाय आहे.

पहिली गोष्ट, ‘हेमाडपंती’ हा शब्द खिशात ठेवून द्या. कुठलंही काळ्या दगडाचं देऊळ दिसलं की आपल्याकडे तो वापरतात. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. आणि त्याच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत म्हणजे चुना न घालता, नुसते दगडाला दगड बसवून केलेलं बांधकाम. वाईतली ठळक देवळं त्यानंतर पाचशे वर्षांनी पेशवाईत उभी राहिली. पेशवाईतली नेहमीची रीत अशी, की खालचं अंग घडीव दगडाचं आणि वरचं शिखर विटा-चुन्याचं. शिखरावर कोनाडे, कोनाड्यांत चुन्यात घडवलेल्या मूर्ती, आणि सभामंडपाला महिरपी कमानी. या कमानी पाहून कुणी ‘मुसलमानी वळण’ म्हणेल. म्हणू द्या, कारण दख्खनच्या गवंड्याने मशिदीवर आणि देवळावर एकच हात चालवला आहे.

दुसरं, काशीविश्वेश्वराच्या देवळात आधी अंगणात थांबा. दीपमाळा बघा. त्यांच्या अंगावर बाहेर आलेले जे दगडी हात दिसतात, त्यांवर पणत्या ठेवतात. दीपमाळ उजळायचा मोठा दिवस त्रिपुरी पौर्णिमेचा. मग नंदीकडे या. काळ्याभोर, गुळगुळीत दगडातला हा नंदी वाईतल्या कोरीव कामाचा सगळ्यात सुंदर नमुना आहे, असं माझं मत. गळ्यातली घुंगुरमाळ, पाठीवरची झूल, वेसण, सगळं एका दगडात. नंदी आणि पिंड यांच्या मधून आडवं जाऊ नये, असा संकेत आहे. नंदीच्या दोन शिंगांमधून पिंडीचं दर्शन घेतात. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना हे फार आवडतं.

तिसरं, प्रदक्षिणा. नवख्या माणसाची इथे हमखास फजिती होते. गणपतीला, विष्णूला, देवीला पूर्ण फेरी घालतात. शंकराला मात्र अर्धी. पिंडीवरच्या अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ते सोमसूत्र ओलांडायचं नाही; तिथवर जायचं आणि आल्या वाटेने परत फिरायचं. कुणी तुम्हाला ओरडणार नाही, पण सगळे उलटे फिरत असताना तुम्ही एकटेच पुढे निघालात की कळेलच.

चौथं, पायाखाली बघत चला. सभामंडपात गाभाऱ्यासमोर जमिनीत दगडी कासव असतं, गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख असतं, दारावरच्या पट्टीवर मधोमध गणेश असतो. जुन्या गावात फिरताना कुठे पाराखाली किंवा देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवलेला शेंदूर फासलेला उभा दगड दिसला तर त्याच्यावरचे कप्पे बघा. खालच्या कप्प्यात लढाई, मधे अप्सरा वीराला घेऊन चालल्या आहेत, वर तो पिंडीची पूजा करतोय आणि टोकाला चंद्र-सूर्य: असं असेल तर तो वीरगळ. बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. वाईच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या गावात हे ओळखता आलं की पुढची भटकंती बदलते.

रास्त्यांनीच बांधलेली महालक्ष्मी आणि विष्णू यांची देवळंही गावात आहेत. गणपतीच्या मानाने तिथे कुणी नसतं. मला ती जास्त आवडतात, कारण ओवरीत टेकून बसलं तरी कुणी ‘चला, पुढे चला’ म्हणत नाही.

तिसरा टप्पा: आळीतून वर येताना वाडे

घाट चढून आळीत शिरलं की नजर दारांकडे न्या. मोठ्या दरवाज्याच्या पोटात एक छोटा दरवाजा असेल तर ती दिंडी. वाकूनच आत जावं लागतं, म्हणजे आत येणाऱ्याची मान आधी पहारेकऱ्याच्या वाट्याला येते. त्यामागे दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या, मग चौक, चौकात तुळशीवृंदावन, भोवती ओसरी. लाकडी खांब सुरूच्या झाडासारखे खाली फुगीर आणि वर निमुळते असतील तर ते सुरूदार खांब, पेशवाई वाड्याची खूण. वर लाकडी तुळया आणि त्यांवर फळ्या, हा कडीपाट. रस्त्याकडच्या भिंतीला खालच्या मजल्यावर खिडक्या जवळजवळ नसतातच.

बरेच वाडे पडले, काहींच्या जागी इमारती उठल्या. जे आहेत त्यांत माणसं राहतात. दार उघडं आहे याचा अर्थ या बसा असा नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून ‘कोणी आहे का?’ म्हणावं. आजी बाहेर आल्या तर ‘आजी, वाडा जुना दिसतोय, चौकापर्यंत आत येऊन बघू का?’ असं सरळ विचारावं. चपला बाहेर. बहुतेक वेळा हो म्हणतात, आणि मग चहाला नाही म्हणणं अवघड जातं. ‘नको’ म्हणाल्या तर हसून पुढे निघावं. एकदा एका आजींनी मला चौकात उभं करून भिंतीवरची एक आडवी रेघ दाखवली, ‘इथवर आली होती कृष्णाबाई.’ पुराला आली म्हणतात, जशी माहेरवाशीण येते. मोबाइल बाहेर काढायच्या आधी एवढं ऐकून घ्या. फोटो नंतरही निघतो.

गंगापुरीत थोडं थांबा

ही आळी देवळांपेक्षा ग्रंथांची. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा इथली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथे शिकले आणि इथेच राहिले. विनोबा भावे तरुणपणी गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन वाईला येऊन राहिले आणि नारायणशास्त्र्यांपाशी उपनिषदं, गीता शिकले. तर्कतीर्थ मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले म्हणून त्याचं कार्यालयही मुंबई-पुण्यात न जाता वाईत आलं. पहिला खंड निघाला 1976 मध्ये. बघायला इथे काही ‘प्रेक्षणीय’ नाही. पण शाळेत असताना ज्याच्या जाडजूड खंडांत तोंड खुपसून बसलो, तो या एवढ्याशा गावात, नदीच्या आवाजाच्या टप्प्यात लिहिला गेला, याची मला दर वेळी गंमत वाटते.

घाटावर वागायचं कसं

घाट हे वाईकरांचं परसदार आहे. सकाळी तिथे कपडे धुतात, पोहतात, संध्या करतात. दशक्रियेचे विधीही तिथेच चालतात. मुंडण केलेली माणसं आणि भटजी बसलेले दिसले की कॅमेरा खाली घ्या आणि लांबून वळसा घ्या. बायका कपडे धूत असताना ‘गावाकडचं जीवन’ म्हणून फोटो काढणाऱ्यांना एकदा एका मावशींनी असं काही सुनावलं की मी उगाचच माझाही मोबाइल खिशात ठेवला.

पाण्यात उतरायचं तर तिथे पोहणाऱ्या पोरांना विचारून. वर धोम धरण आहे. पाणी सोडलं की पातळी बदलते आणि काल कोरडी असलेली पायरी आज निसरडी होते. शिवाय वाईच्या घाटांवर चित्रपटांची नि मालिकांची चित्रीकरणं वरचेवर चालतात. एखाद्या घाटावर अचानक नवंकोरं ‘जुनं’ देऊळ दिसलं तर हात लावून बघा, प्लायवूडचं निघण्याची शक्यता बरीच आहे. तो घाट अडवलेला असेल तर वाद न घालता पुढचा घ्या, सात आहेत.

निघण्यापूर्वी एकदा पूल ओलांडून पलीकडच्या काठावर जा. ढोल्या गणपती, विश्वेश्वर, पायऱ्या आणि मागचा डोंगर एका नजरेत येतात ते तिथूनच. सकाळी चाललेलं सगळं तिथून पुन्हा बोटाने दाखवता येतं.

अंगात दम असेल तर मेणवली

वाईपासून मेणवली तीनेक किलोमीटर. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर चालत जाण्यासारखा रस्ता आहे. इथे नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा आणि त्यामागे कृष्णेचा घाट. नानांच्या दप्तरातले कागद दीर्घकाळ इथे होते, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत ‘मेणवली दप्तर’ हा शब्द येतो. वाडा खासगी मालकीचा आहे. दारावर विचारून, देखभाल करणारे सांगतील तेवढ्याच भागात फिरा. भिंतींवरची चित्रं बघताना बोट लावू नका, तो रंग पुन्हा येणार नाही.

घाटावर मेणवलेश्वराचं आणि विष्णूचं अशी दोन देवळं आहेत आणि एका छोट्या बांधकामात भली मोठी घंटा टांगली आहे. जवळ जाऊन तिच्या अंगावर बघा: बाळ येशूला घेतलेली मेरी आणि 1707 हे साल. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, त्यानंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा देशावरच्या देवळांत आल्या, त्यांतली ही एक. अशाच घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला आहेत. वाजवून बघायचा मोह होतो. लोकांनी पुष्कळदा वाजवली आहे, तुमच्यावाचून तिचं अडलेलं नाही.

त्याच रस्त्याने आणखी पाच-सहा किलोमीटरवर धोम. तिथे कमळाच्या आकाराच्या कुंडात, दगडी कासवाच्या पाठीवर नंदी बसवलाय आणि शेजारी नृसिंहाचं देऊळ आहे. कुंडात पाणी भरलेलं असताना कासव तरंगत असल्यासारखं दिसतं. एवढं मात्र चालत करू नका. वाईहूनच रिक्षा ठरवा आणि रिक्षावाल्या दादांना तिथेच थांबायला सांगा, कारण अंधार पडल्यावर धोमहून परतीचं वाहन मिळेलच असं नाही.